चवथा कान मागल्या चाकाला

पहिला माझा कान पुढल्या चाकाला
दुसरा माझा कान हवेच्या टाकीला
तिसरा माझा कान वळत्या नळीला
चवथा माझा कान मागल्या चाकाला
पाचवा माझा कान दारातल्या बाईला

हरिहर उस्ताद जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण हा आवाज सहदेवला अजून लख्ख ऐकू यायचा. उस्ताद कोरेगावकडचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ट्रकचे ब्रेक तपासायची सगळी रीत त्यांनी ओवीत बांधून घेतली होती. इंजिन बंद करायचं, ब्रेकचं पेडल दाबून ठेवायचं, गॅरेजमधल्या सगळ्यांनी गप्प व्हायचं. मग गाडीच्या कडेकडेने पुढून मागे चालत जायचं आणि एकेका जोडापाशी कान न्यायचा.

सतरा वर्षांच्या सहदेवने एकदा विचारलं होतं, "उस्ताद, ही दारातली बाई कोण?"

उस्तादांनी पान्ह्याची मूठ त्याच्या डोक्यावर हळूच टेकवली होती. "डायवरच्या घरची रे. दिवेलागणीला दारात येऊन उभी राहते. तिला कसली बातमी ऐकू येते, ते आपल्या हातात असतं."

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ड्रायव्हरने पेडल दाबलं की टाकीतली हवा नळीतून चाकापर्यंत धावते आणि चाक आवळून धरते. हवा वाटेत कुठे सुटत असेल तर ती बोलते. अगदी बारीक बोलते, दुधावर फुंकर घातल्यासारखी. ते बोलणं ऐकू आलं तर गाडी अजून आजारी. काहीच ऐकू आलं नाही तर गाडी बरी झाली. मग खिशातला खडू काढून मागच्या फळीवर एक पांढरं गोल काढायचं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्या गोलाला 'सहदेवचा खडू' म्हणत, आणि तो दिसला की मालक दुसरं काही विचारत नसत.

काहीच ऐकू आलं नाही तर गाडी बरी. आणि गेलं दीड वर्ष सहदेवला काहीच ऐकू येत नव्हतं.

म्हणजे माणसांचं बोलणं यायचं. हॉर्न यायचा, हातोडा यायचा. जायचं ते बारीक. आधी पाखरं गेली, मग कुकरची सुरुवातीची सूं, मग हवा. चाळीस वर्षं ड्रमवर घण घातले, त्याचं हे देणं. टेंभी नाक्याजवळच्या एका डॉक्टरकडे तो एकटाच जाऊन आला होता. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून त्यांनी एक कागद दिला होता. कागदावरची रेघ डावीकडून बरी चालत येऊन उजवीकडे कडा कोसळल्यासारखी खाली गेली होती. तो कागद त्याने टेबलाच्या खणात, रिबिटांच्या डब्याखाली घडी घालून ठेवला. घरी काही बोलला नाही. मुलगी समीक्षा त्याच्याच गॅरेजमध्ये काम करायची, तिलाही नाही.

कानाची जागा त्याने तळव्याला दिली होती. थुंकी लावून ओला केलेला तळवा जोडापाशी धरला की सुटलेली हवा गार लागते. चालत चालत, ओवी गुणगुणत, कान लावल्याचं सोंग करत तो तळवा फिरवायचा. आजवर तळव्याने त्याला सांभाळून घेतलं होतं.

नाथा त्या गुरुवारी सकाळी नऊलाच दारात गाडी लावून उभा होता. कळव्याच्या खाडीकाठचा कोळी. बाप होडीवर होता, हा दहा चाकांवर. गाडीत चौदा टन लोखंडी पट्ट्या, डोंबिवलीच्या कारखान्यात पोचवायच्या. माल भरून निघाला आणि पहिल्याच सिग्नलला मागचं डावं चाक धरेना.

"बापाच्या होडीला ब्रेक नव्हता मामा, कंदी कुठं धडकला नाय," नाथा गाडीखाली डोकावत म्हणाला.

"खाडीला उतार नसतो रे," सहदेव म्हणाला.

भरल्या गाडीखाली दोन जॅक आणि चार लाकडी ठोकळे लावून त्याने चाक काढलं. ड्रमला घासून चाक धरणारे ब्रेकचे लायनर झिजून रिबिटांपर्यंत आले होते. ते बदलले. चाकाकडे जाणारी नळी तडकली होती, तीही नवी टाकली. नळीचा पितळी नट आसाच्या वर, दोन कमानपट्ट्यांच्या सांदीत बसायचा. आवळताना पहिले दोन आटे जरा जड गेले. लोखंडावर जोर लावणं इतकं सवयीचं झालेलं की त्याने पान्हा पुढे रेटला आणि नट बसला.

पावणेएक वाजला. समीक्षा वर्तकनगरच्या घरी डबा आणायला गेली होती. नाथाची घाई सुरू झाली. जड गाड्यांना ठाण्यातून दुपारीच काही तास सोडतात, त्या वेळात खारेगाव ओलांडलं नाही तर रात्रीपर्यंत रस्त्याकडेला बसून राहायचं.

"समीक्षा येऊ दे, पाच मिनिटं," सहदेव म्हणाला. म्हणाला खरा, पण ती यायच्या आत गाडी गेलेलीच त्याला हवी होती. ती आली की साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन प्रत्येक जोडावर फवारायची आणि फेसाचे बुडबुडे येतात का बघत बसायची. आयटीआयमध्ये शिकलेली. ड्रायव्हर लोकांपुढे ती तशी वाकून बघायला लागली की सहदेवला वाटे, आपल्या कानावर कुणीतरी हात ठेवून शंका घेतंय.

"ती साबण लावंल, मी घाटावर नंगा," नाथा हसला. "तुमचा कान हाय ना मामा. मारा खडू."

सहदेवने दांडका उचलला. सीट आणि ब्रेकचं पेडल यांच्या मधे तो दांडका अडकवून पेडल दाबून ठेवायची त्याची पद्धत होती. दांडका बसला. इंजिन बंद झालं. नाथा खाली उतरून मोबाइल समोर धरून उभा राहिला.

"काय करतोस?"

"स्टेटसला टाकतो. माझी बायको चंद्रभागा बोलते, गॅरेजला जातो का आणखी कुठं जातो, दाखव. दाखवतो."

सहदेव चालू लागला. ओठांत ओवी. पहिला कान. तळव्याला गार लागलं नाही. दुसरा कान, टाकीजवळ, तिथेही नाही. तिसरा कान. शेजारच्या रंगाच्या गाळ्यात कॉम्प्रेसर चालू होता, त्याची धडधड त्याला जमिनीतून पायांत जाणवत होती. चवथ्या कानाला तो मागच्या डाव्या चाकापाशी थांबला. नवा जोड वर, सांदीत. हात घातला तर बोटं तिथवर पोचेनात. पोचायचं तर पाठीवर झोपून गाडीखाली सरकायला हवं होतं. नाथा मोबाइल धरून उभा होता. हरिहर उस्तादांचा चेला कधी कुणी गाडीखाली आडवा होऊन हवा शोधताना पाहिला नव्हता.

त्याने मान तिरकी केली. डोळे मिटले. आत एकदम शांत होतं, देवळाच्या गाभाऱ्यात दुपारी असतं तसं.

डोळे उघडले तेव्हा नाथाही मान तिरकी करून उभा होता. "मामा," तो म्हणाला, "झाला ना?"

"झालं," सहदेव म्हणाला, आणि फळीवर खडूने गोल काढलं.

समीक्षा आली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. डबा टेबलावर ठेवून तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं. जमिनीवर ठोकळ्यांचे चार ठसे होते.

"नाथामामा गेला?"

"गेला. त्याला वेळ नव्हता."

"फेस काढून बघितला?"

"साबण कपड्यांना लावतात."

"बाबा, नवीन नळी होती."

"अगं, मी नळ्या लावतोय तेव्हा तू पाळण्यात होतीस. जेव आता."

तिने डबा पुढे ओढला. तिचं हे न बोलणंही गेले काही महिने वाढलं होतं. डबा उघडता उघडता तिने मोबाइल पाहिला आणि हसली. "नाथामामाने तुमचा सिनेमा काढलाय." तिने व्हिडिओ लावला. मग तिचा हात भाकरीवरच थांबला. तिने व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज पूर्ण मोठा केला. तिसऱ्यांदा लावला.

"बाबा, हे काय वाजतंय?"

"कुठे काय?"

"हे." तिने मोबाइल त्याच्या हातात दिला.

पडद्यावर तो स्वतः होता. ट्रकच्या कडेने सावकाश चालत येत होता, ओठ हलत होते. त्याने मोबाइल कानाला लावला. कॉम्प्रेसरची धडधड. लांबून एक हॉर्न. मग नाथाचा आवाज, 'मामा, झाला ना?' मग स्वतःचाच आवाज, 'झालं.'

"शेजारचा कॉम्प्रेसर आहे," तो म्हणाला.

"तो नाही. त्याच्यावर. सूं करून चाललंय ते. तुम्ही मागच्या चाकाजवळ जाता तसं वाढतंय." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "बाबा, इतकं मोठ्ठं आहे."

 त्या क्षणी बोलता आलं असतं. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि पान्ह्यांची पिशवी उचलली.

"जोड सुटलाय," तो म्हणाला. "दोन आटे तिरके बसलेत. नाथाला फोन लाव."

नाथा फोन उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही सवय त्याला सहदेवनेच शिव्या देऊन लावली होती. समीक्षाने दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. सहदेव तोपर्यंत रस्त्यावर तिच्या स्कूटरजवळ जाऊन उभा होता. तिने धावत येऊन चावी लावली. साबणाची बाटली तिने पिशवीत टाकलेली त्याने पाहिली आणि नजर वळवली.

"कुठून जाईल तो?"

"माजिवडा, साकेत, खारेगाव. मग मुंब्रा बायपास. आपण कळव्यातून काढू."

सपाट रस्त्यावर नाथाला काही कळणार नव्हतं. ब्रेक थोडा वेळ दाबायचा, सोडायचा. सुटलेली हवा इंजिन पुन्हा भरून काढतं. मुंब्रा बायपासचा चढही काही करणार नव्हता. माथा ओलांडला की शीळफाट्याकडचा उतार लागतो. उतारावर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरच राहतो. जितका वेळ पाय तितका वेळ हवा बाहेर, आणि भरायला उसंत नाही. हवेच्या मीटरचा काटा आठावरून सहावर येणार, सहावरून पाचावर. चारच्या खाली आला की हवेने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं आपोआप जाम होतात. मग चौदा टन लोखंड जाम चाकांवर घसरत जातं, आणि पुढे जे असेल ते असेल. रिक्षा असेल, शाळेची गाडी असेल.

"माथ्याच्या आत गाठायला हवा," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"किती वेळ झाला निघून?"

"अर्धा तास."

कोर्ट नाक्याला सिग्नल लागला. समीक्षाने डावीकडच्या फटीतून स्कूटर काढली. कळव्याच्या पुलावर खाडीचा खारा वास आला. पलीकडच्या वस्तीत कुठेतरी नाथाचं घर होतं. सहदेव एकदा त्या घरी जेवला होता. चंद्रभागाने सुक्या बोंबलाची चटणी वाढली होती आणि म्हणाली होती, 'तुमी गाडी बघली का मना झोप लागते.' त्या वाक्याने तेव्हा त्याची छाती भरून आली होती. आता स्कूटरच्या मागे बसून त्याने त्या बाजूला पाहिलंच नाही.

"बाबा, पुन्हा लावा फोन."

त्याने लावला. कानाला मोबाइल घट्ट दाबला. रिंग वाजतेय की नाही हेही त्याला रस्त्याच्या गोंगाटात समजेना, म्हणून तो पडद्याकडे बघत राहिला. फोन उचलल्यावर सुरू होणारे सेकंदांचे आकडे काही आले नाहीत.

रेतीबंदरजवळ, जिथून बायपासचा चढ सुरू होतो, तिथे समीक्षाने स्कूटर थांबवली. खारेगावकडून एकामागून एक ट्रक वळून वर चढत होते. कंटेनर, टँकर, सिमेंटच्या गाड्या. उन्हात डिझेलचा धूर थरथरत होता. दोघं समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची मागची फळी बघत उभी राहिली. एक मिनिट. तीन मिनिटं.

"साकेतला अडकला असेल," समीक्षा म्हणाली. "तिथे नेहमी असतं."

"नाहीतर पुढे गेला असेल."

"थांबायचं की जायचं? तुम्ही सांगा."

थांबलो आणि तो पुढे गेला असेल तर संपलंच. गेलो आणि तो मागे असेल तर वर माथ्यावर उभं राहून त्याला अडवता येईल. "चल," तो म्हणाला. "वर चल."

चढावर ट्रकांची रांग मुंगीच्या पावलांनी चालली होती. समीक्षा डोंगराच्या बाजूने, खडी आणि पांढरी रेघ यांच्या मधून स्कूटर काढत होती. सहदेव एकेक फळी मोजत होता. निळी. ताडपत्रीची. आरशाचं चित्र काढलेली. मग वळणाच्या पुढे, माथ्यापासून दोन वीजखांबांवर, लाल फळीवर एक पांढरं गोल.

चाळीस वर्षांत ते गोल बघून त्याला कधी भीती वाटली नव्हती.

"तोच," तो म्हणाला. "हॉर्न दे."

समीक्षाने हॉर्न दाबून धरला. पण त्या चढावर प्रत्येकजण हॉर्न दाबून होता. ट्रकच्या मागोमाग जाताना तिने मान वळवून विचारलं, "बाजूने जाऊ?"

"उजवीकडून नको, डावीकडून. त्याच्या आरशात ये. आणि ऐक, त्याला ब्रेक मारू द्यायचा नाही. नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी चढ त्याला धरेल."

एक वीजखांब मागे गेला. उरला एक. डावीकडे फक्त स्कूटरपुरती जागा होती, आणि तिच्या पलीकडे गटार. समीक्षा तिथे शिरली. मागची चाकं सहदेवच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर फिरत होती. नव्या लायनरचा वास येत होता. जोड तिथे, वरच्या सांदीत होता. तो बोलत असणार. सगळ्यांना ऐकू जात असणार. त्याला फक्त ते चाक दिसत होतं.

केबिनपाशी आल्यावर त्याने पिशवीतला मोठा पान्हा काढून दारावर तीनदा ठोकला. पलीकडे स्टिअरिंगवरून वाकून बघणारं नाथाचं तोंड खिडकीतून दिसलं. मामांना बघून ते हसलं. मग मामांचं तोंड बघून हसायचं थांबलं.

"पाय काढ," सहदेव ओरडला. "ब्रेक नको. पाय काढ, डावीकडे घे."

"आं?"

"ॲक्सिलरेटरचा पाय काढ, नाथा."

नाथाने कारण विचारलं नाही. समीक्षाने स्कूटर मागे पडू दिली. गाडी आपल्याच वजनाने मंदावली, माथ्याच्या कडेपाशी येता येता डावीकडे वळली आणि डोंगराला लागून उभी राहिली. हँडब्रेक ओढल्याचा धक्का आला. सहदेव चालत्या स्कूटरवरून उतरला, डोंगराकडेला कोसळलेले दोन दगड उचलून आणले आणि मागच्या चाकांना लावले. तिसरा आणला. चौथा आणायला निघाला तेव्हा समीक्षाने त्याच्या दंडाला धरलं.

"बास, बाबा."

 पुढे दहा पावलांवर रस्ता खाली वळत होता, आणि त्या वळणाखाली शीळफाट्याकडची सगळी वस्ती उन्हात पसरली होती.

नाथा उतरून आला. "काय झाला मामा? पिशवी राहिली काय माझ्याकडं?"

 समीक्षाने केबिनमध्ये चढून सीटमागचा जाड पाइप पेडलवर अडकवला आणि इंजिन बंद केलं. मग बाटली घेऊन मागच्या डाव्या चाकापाशी पाठीवर झोपली आणि वरच्या सांदीत फवारा मारला. फेस आला. बुडबुडे नव्हते, नुसती उकळी. दूध उतू जावं तसा फेस नटावरून ओघळून तिच्या कोपरावर पडत होता.

नाथा वाकून बघत होता. बराच वेळ बघून तो सरळ झाला.

"काटा पाचवर आला होता मघाशी," तो हळू म्हणाला. "खारेगावला, जाममधी ब्रेक दाबून उभा होतो तवा. मना वाटला मीटरच खराब झाला."

"हवा कमी झाल्याचा बझर वाजला नाही?" समीक्षाने खालून विचारलं.

"त्याची वायर मीच काढलेली. लय बोंबलायचा." त्याने गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं. "आणि यो आवाज मी तिथंच आयकला होता, गॅरेजात. व्हिडिओ काढताना. वाटला बाजूवाल्याचा कॉम्प्रेसर हाय. मंग वाटला नाय, गाडीचाच हाय. पण मामा कान लावून उभे. मामांना नाय आयकू आला म्हणजे नसंलच. मग तुमी खडू मारलात." तो ओशाळला. "आपलेच कान खोटे वाटले."

 एक कंटेनर माथ्यावर आला आणि उताराला लागला. त्याचे ब्रेक लांब, जड सुस्कारा टाकत गेले. समीक्षाने पान्हा मागितला. सहदेवने दिला. तिने नट पूर्ण सोडवला, आटे बोटाने पुसले, दोरा गुंडाळला आणि पुन्हा हाताने, कुठेही जोर न लावता, अलगद बसवत आणला. मग आवळला. पुन्हा फेस मारला. फेस तसाच पांढरा पडून राहिला, एक बुडबुडा हलला नाही.

"झालं," ती म्हणाली आणि बाहेर सरकली. तिच्या पाठीला खडी चिकटली होती.

नाथाने मोठा श्वास सोडला. "नळीच फाल्तू आसंल. आजकाल माल कसला देतात." तो हसायला लागला होता. "जाव द्या मामा. तुमी धावत आले हाच मोठा. घरी चंद्रभागाला सांगतो, मामा माझ्यासाठी स्कूटरवरून उडत आले."

नळी फालतू. सहदेवने ते वाक्य हातात घेऊन पाहिल्यासारखं तोलून पाहिलं. किती हलकं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. समीक्षाने मान खाली घातली होती, ती काही बोलणार नव्हती. तिला कधीपासून माहीत असेल? घरी टीव्हीचा आवाज ती न बोलता वाढवून ठेवायची. जेवताना त्याच्या उजव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला बसायची.

"चला मामा," नाथा म्हणाला. "एकदा कान लावा. खडू मारा. मी निघतो."

"फेस बघितला ना तू," समीक्षा म्हणाली.

"बघितला गो. पण मामांचा खडू तो मामांचा खडू. त्याच्यावाचून मी उतरत नाय." तो पेडलवरचा पाइप अजून तसाच आहे हे बघून आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मग आपोआप गप्प झाला, ओवीच्या वेळी सगळे गप्प होत तसा.

सहदेवने खिशात हात घातला. खडूचं टोक बोटाला लागलं. चार पावलं चालायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे. गाडी आता खरंच बरी होती. या वेळी गोल खोटं नसतं.

तो चाकापाशी गेला. उन्हाने तापलेल्या रबराचा वास, समीक्षाचा वाळत चाललेला फेस. त्याने मान तिरकी केली. आत तीच दुपारची शांतता. मघाशी गॅरेजमध्ये गाडी आजारी होती तेव्हाही हीच होती. आजच पहाटे सहाला, समीक्षा यायच्या आत, बंटी ड्रायव्हरच्या गाडीला गोल काढलं तेव्हाही हीच होती. बंटी रिकामी गाडी घेऊन जुन्नरकडे गेला होता. संध्याकाळी कांदा भरून माळशेज घाट उतरणार होता. परवा गॅरेजच्याच गल्लीतल्या दोन गाड्या. गेल्या आठवड्यात किती, त्याला आठवेना.

चवथा माझा कान मागल्या चाकाला. हरिहर उस्तादांचा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ आला. आणि मग पाचवी ओळ यायच्या आधी तो थांबला. सहदेवने वाट पाहिली. ती ओळ त्याची त्यालाच म्हणायची होती.

त्याने खडू खिशातून काढला, समीक्षाच्या तळहातावर ठेवला आणि नाथाकडे वळला.

"मामा?" नाथा म्हणाला. "आवाज येतो काय अजून?"

"मला माहीत नाही," सहदेव म्हणाला. "मला ऐकू येत नाही, नाथा. दीड वर्ष झालं, डॉक्टरचा कागद खणात पडलाय. मघाशी तुझी गाडी ओरडत होती आणि मी तिच्यापाशी उभा राहून खडू मारला. बंटीलाही तसाच मारलाय. समीक्षा, त्याला फोन लाव, म्हणावं जिथे असशील तिथे थांब, सहदेवला ऐकू येत नाही."